मालकांच्या वजनाचा गूळ

...आणि वर आमचे हे मलाच विचारतात, "गूळ कुठं लपवलायस?" आता मी लपवीन ओ, पण निम्म्या माणसाच्या वजनाचा गूळ लपवायचा तरी कुठं? पिठाच्या डब्यात ढेप, कपाटात साड्यांखाली ढेप, देवघराखाली ढेप... काल न्हाणीत गेले तर तिथं मुंग्यांची रांग! बायांनो, तुम्हाला सांगते, नवस बोलताना बाईनं आधी डोकं ठिकाणावर ठेवावं. मी न्हाय ठेवलं. म्हटलं, असू दे, देवी हाय की!

झालं काय, आमच्या ह्यांना शुगर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कृष्णातराव, तीन महिने देते. खाणं सुधारलं नाही तर इन्शुलिन. रोज सुई." झालं! तालमीत भल्याभल्यांना आस्मान दाखवलेला माणूस, सुई म्हटल्यावर खुर्चीतच पांढरा पडला. येताना रिक्षात माझा हात सोडेनात. लग्नात धरला न्हवता एवढा घट्ट! रिक्षातनं उतरले, तशीच गल्लीतल्या मरगाई देवीपुढं उभी राहिले आणि बोलून गेले, "आई, ह्यांची शुगर उतरू दे, ह्यांच्या वजनाइतका गूळ वाहीन!"

शेजारी आमची सून, प्रियदर्शनी. तिनं कपाळावर हातच मारून घेतला. "आई! शुगरसाठी गूळ?"

मग काय, कोल्हापुरात देवीला ब्रोकोली वाहू? म्हटलं, असू दे, देवी हाय की!

आता माझ्याकडं उपाय एकच, उपवास. सोमवार महादेवाचा, मंगळवार अंबाबाईचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा, रविवार जोतिबाचा, आणि मधे संकष्टी, एकादशी आली तर त्यांना तरी कशाला नाराज करा? ह्यांनाही सगळे धरायला लावले. जेवणच न्हाय तर शुगर येणार कुठनं? आणि हे एका शब्दानं कुरकुरले न्हाईत! एरवी तांबडा रस्सा दिसला न्हाय तर घर डोक्यावर घेणारा माणूस... "आज गुरुवार? वा वा, धरू की!" मला वाटलं, भक्ती लागली. कसली भक्ती! सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी रताळ्याचा गोड कीस, चहाच्या वेळंला केळ्याचं शिकरण, रात्री वरीचा भात, वर दाण्याची आमटी, आणि उपवासानं थकवा येतो म्हणून राजगिऱ्याचा लाडू! महिन्यानं तपासलं, तर शुगर पन्हाळ्याच्या तटावर चढून बसलेली!

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे खातात तरी काय?"

"काय न्हाय ओ... उपवासाचंच."

त्यांनी ह्यांना सोडलं नि माझीच पापणी खाली ओढून बघितली. "काकी, तुमच्यात रक्त कुठाय?"

मला काय ठाऊक? असंल की आत कुठंतरी!

वाटलं, आता सून तोंडसुख घेणार. पण पोरगी गुणाची. पाण्याचा तांब्या दिला, जवळ बसली नि म्हणाली, "आई, सणाला देवीला नैवेद्याचं ताट वाढता, त्यात काय काय असतं?"

म्हटलं, काय असणार? पालेभाजी, उसळ, कोशिंबीर, वरण, भाताची एक मूद, पोळी, लिंबाची फोड, बोटभर चटणी, चमचाभर खीर...

"मग आम्हाला पण तेच वाढा की. देवीला कधी परातभर नुसती खिचडी वाढलीय?"

बायांनो, जन्मभर ते ताट वाढलं, पण कधी नीट बघितलं न्हाय! देवीला सगळं लागतं, पण थोडं थोडं!

तिथनं सगळ्या घराला एकच ताट. ज्वारीची भाकरी, मटकी, मेथी, काकडी, भाताची मूद. मटणाच्या दिवशी रस्सासुद्धा, पण वाटीत, पातेल्यात न्हाय! उपवास दोनच ठेवले, तेही खिचडीशिवाय. बाकीच्या देवांची हात जोडून माफी मागितली, कुणी रागावलं न्हाय. रागावले ते हेच. "देवीचं ताट चुकून माझ्यापुढं आलं काय?"

"व्हय, पण देवीसारखं नुसतं बघत बसू नका, खावा!"

कुरकुर चालूच. पण सुईचं नाव काढलं की काकडी कराकरा चावायचे. म्हटलं, असू दे, देवी हाय की!

आणि उतरली ओ शुगर! माझं रक्तबी वर आलं. "इंजेक्शन नको," डॉक्टरीणबाईंनी म्हटल्याबरोबर ह्यांनी दवाखान्यातच दंड थोपटले. माझ्या डोळ्याला पाणी आलं... आणि मग एकदम आठवलं. गूळ!

देवळापुढं तराजू बांधला. एका पारड्यात हे मांडी घालून, दुसऱ्यात ढेपा. वजन उतरलेलं, तेवढ्याच ढेपा वाचल्या! फेडला बाई नवस, म्हणून हुश्श करतेय, तर गुरवानं निम्मा गूळ माझ्यापुढं सरकवला. "काकी, निम्मा देवीचा, निम्मा प्रसाद. घरी न्यावाच लागतो." आणि पारड्यातनं आवाज, "प्रसादाला न्हाय म्हणू नये!"

गल्लीत वाटायला निघाले. नजीराभाभी दारातच, "नको वैनी, आमच्यातबी शुगर हाय!" पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढं तेच. अख्खी गल्लीच गोड निघाली!

आता हे उठता-बसता चप्पल काढून, हात जोडून प्रसाद मागतात. मी वाटाण्याएवढा देते, तरी मागनं डब्याची झाकणं वाजतातच. आणि तपासणी आलीय तोंडावर! काल परत मरगाईपुढं उभी राहिले. या खेपेला शहाणी झालेली बरं का! ह्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं, "आई, शुगर हाय तिथंच राहू दे, ह्यांच्या वजनाइतका दुधी भोपळा वाहीन!"

हे कट्ट्यावर बसलेले. निम्मा दुधी घरी येणार, हे डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. मग उठले, शर्टाची बाही वर सारली नि सुनंला म्हणाले, "पोरी, डॉक्टरला फोन लाव. सुईच टोचू दे!"