झोपेतली झेलाझेली

...आणि वर डॉक्टरीणबाई मलाच विचारतात, "झोप लागते ना?" लागते हो. लागत नाही असं कोण म्हणतंय? उशीला डोकं टेकायचा अवकाश, लागलीच. पण तुम्हाला सांगते, त्या झोपेत मी जागी असते, त्याचं काय करायचं? म्हणजे डोळे मिटलेले, तोंड उघडं, थोडी घोरतेसुद्धा म्हणे, असं आमचे हे सांगतात, ज्यांनी घोरण्याबद्दल खरं तर कुणाला काही बोलू नये... आणि आत मी टक्क जागी. मला माहीत असतं की मी झोपलेय, मला माहीत असतं की हे स्वप्न आहे, आणि तरी मी तिथे कामाला उभी. दिवसभर लॉन्ड्रीत उभी, संध्याकाळी ओट्याशी उभी, झोपले की स्वप्नात उभी. मी आडवी कधी होते ते मला एकदा कुणीतरी दाखवा.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईचं डोकं फिरलंय. फिरलंयच, पण कशाने फिरलं ते तरी कळू दे.

माझी मुलगी दहा महिन्यांची. घरात तिला गोटी म्हणतात. नाव मीच ठेवलं, जन्मली तेव्हा अशी गोल होती, आणि आता वाटतं तिथेच चुकलं, गोटी म्हटल्यावर ती घरंगळणारच. तर ती झाल्यापासून मला एकच स्वप्न. गोटी माझ्या हातातून पडते. कधी जिन्यावरून, कधी खिडकीतून, कधी लॉन्ड्रीतल्या चादरींच्या ढकलगाडीवरून, एकदा तर माझ्या शाळेतल्या बाकावरून, सातवीचा वर्ग, बाई फळ्यावर लिहितायत आणि माझी मुलगी बाकावरून खाली चाललीय. आता सातवीत मला मुलगी कुठून आली, पण स्वप्नाला कोण विचारणार? पडते, मी दचकून उठते, आणि बघते तर शेजारी ती हातपाय पसरून गाढ. नवरा गाढ. पलीकडच्या खोलीत सासूबाई गाढ. अख्खं घर झोपलेलं आणि मी एकटी धपापत, तिच्या नाकाखाली बोट धरून, श्वास येतोय ना बघत बसलेली.

हे सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, "स्वप्नच आहे ना? मग झालं तर." आणि कूस बदलली. ते कूस बदलतात तेव्हा पलंगही कूस बदलतो, मी आणि गोटी दोघी घसरत त्यांच्या बाजूला. सासूबाईंना सांगायचा प्रश्नच नव्हता. वाईट नाहीत त्या, तसं नाही, पण त्यांना काहीही सांगा, त्या सकाळी खाटेवर बसून आपल्या खांद्यांना बाम चोळत असतात आणि चोळता चोळता म्हणतात, "हं." त्या "हं"मध्ये काय काय असतं ते तुम्हाला सासू असेल तर कळेल, नसेल तर समजावत बसायला मला वेळ नाही.

म्हणून मी गेले निवांतकाकूंकडे. या आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, शाळेतून रिटायर झालेल्या, मुलं मोठी होऊन लांब गेलेली, घरात घड्याळाच्या टिकटिकीशिवाय आवाज नाही. संध्याकाळी त्यांच्याकडे चटया टाकून आठ-दहा बायका ध्यानाला बसतात. काकूंचा आवाज असा, की त्यांनी "आग लागली" म्हटलं तरी ऐकणाऱ्याला जांभई येईल. त्या म्हणाल्या, "अगं... घाबरतेस कशाला... स्वप्नात असतानाच हे स्वप्न आहे, हे ओळखायला शीक. ओळखलंस की ते तुझ्या हातात. पडली... तर झेल."

झेल. एवढासा शब्द, पण मला कुणी तो सांगितलाच नव्हता. मी जिना चढताना रडले हो आनंदाने.

आणि शिकवलं त्यांनी. दिवसातून अनेकदा हाताची बोटं मोजायची आणि स्वतःला विचारायचं, मी जागी आहे का? जागेपणी सवय लागली की माणूस स्वप्नातही मोजतो, आणि स्वप्नात बोटं म्हणे धड भरत नाहीत, कधी सात, कधी बारा. मी सातवीपर्यंतच शिकले, पण दहापर्यंत मला येतं. दुसरं म्हणजे पहाटे गजर लावून उठायचं, जरा वेळ जागं बसायचं आणि परत झोपायचं, त्या दुसऱ्या झोपेत हे लवकर साधतं. ध्यानातल्या बायका गजर लावून लावून थकल्या. मला गजर काय करायचाय? माझ्याकडे घरचाच आहे, आणि त्याला बंद करायचं बटण नाही.

तर बोटं. आमच्या लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरी येतात. दोघींनी चादरीचे दोन कोपरे धरायचे, गरम रोलरला लावायचे, चादर पलीकडून कडक होऊन बाहेर. माझ्या जोडीला जी असते तिला सगळे लांबडी म्हणतात. एके दुपारी एक चादर आत गेली, दुसरी यायची होती, मला वाटलं, घ्यावं मोजून. मी रोलरपुढे दोन्ही पंजे डोळ्यांसमोर धरले आणि घाबऱ्या तोंडाने मोजायला लागले, तोंड माझं एरवीही घाबरंच असतं. लांबडीने ते पाहिलं आणि सरळ लाल बटण दाबलं. सगळी मशीनं बंद. सुपरवायझर पळत आले, पांढरेफटक, म्हणाले, "किती गेली?" माझं मोजणं नुकतंच संपलेलं. मी म्हटलं, "दहा." ते तिथेच चादरींच्या ढिगावर बसले.

नंतर त्यांनी स्वतः मोजली माझी बोटं. दोनदा. आणि मला रोलरवरून काढून घड्या घालायला बसवलं, जिथे हरवण्यासारखं काही नसतं.

पण जमलं, तुम्हाला सांगते. एका पहाटे गोटी जिन्यावरून सुटली, मी हात पुढे केले, बघते तर डाव्या हाताला सहा बोटं. आणि ट्यूब पेटली. अरे, हे तर स्वप्न. मी चार पायऱ्या हवेतच उतरले आणि तिला अशी अलगद झेलली की ती हसली. उठले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मनासारखं झाल्यासारखं वाटलं. ध्यानाच्या खोलीत सांगितलं तर सगळ्या माझ्याकडे बघतच राहिल्या. काकू म्हणाल्या, "वर्षानुवर्षं बसून लोकांना हे साधत नाही... तुला घरबसल्या साधलं." मला पुढची चटई दिली. एक चष्मेवाली बाई हळूच विचारते, "मग... उडता का हो तुम्ही?" आता उडायला वेळ कुठे आहे? माझ्या मुलीला कोण धरणार?

कारण झालं काय, ऐका. पूर्वी गोटी एकदाच पडायची, मी दचकून जागी व्हायचे, विषय संपला. आता मी झेलते म्हणून जाग येत नाही, आणि जाग येत नाही म्हणून ती परत पडते. खिडकीतून झेलली की जिन्यावरून, जिन्यावरून झेलली की टेबलावरून. स्वप्नालाही कळलंय, ही बाई रिकामी आहे, टाका अजून. सकाळी माझे खांदे भरून आलेले असतात, डोकं ठणकतं, आणि हे चहा पिता पिता विचारतात, "झाली का झोप?"

मग एक दिवस लॉन्ड्रीत घड्या घालता घालता मला चक्कर आली आणि लांबडीने ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एखाद्याला आपोआप असं स्वप्नात कळलं तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण तुमची झोप आधीच तुकड्यातुकड्यांची, तिचे आणखी तुकडे कशाला पाडता? ही बोटं मोजणं, पहाटेचे प्रयोग, सगळं बंद. बाळ दुपारी झोपलं की तुम्ही झोपा. घरच्यांची मदत घ्या. आणि तरी ही भीती गेली नाही, तर परत या, त्यावर बोलायला माणसं आहेत." घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, डॉक्टर म्हणाल्या घरच्यांची मदत घ्या. बाम चोळत म्हणाल्या, "हं."

काकूंना सांगितलं तर त्या डोळे मिटून म्हणाल्या, "डॉक्टर शरीराचं सांगतात... मी तुला पुढची पायरी सांगते. आता झेलू नकोस. पडू दे."

मी म्हटलं, "कुणाला?"

"तुला माहीत आहे ना, ते स्वप्न आहे? मग कोण पडतंय? कोण झेलतंय? सोडून दे... सोडता आलं की सुटलीस." आणि सगळ्या चटया माना डोलावतायत.

"काकू, माहीत आहे हो. पण हात पुढे होतातच ना."

"अगं... हे जागेपणीचं जगसुद्धा स्वप्नच आहे."

असेल. पण मग बादलीभर लंगोट भिजत पडलेत ते कुणाच्या स्वप्नात? त्यांना म्हणावं, तेवढे धुऊन टाका.

तरी मी प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू. मला सुटका वगैरे नको, मला एक सलग झोप पाहिजे, आणि ती पडू दिल्याने मिळणार असेल तर पडू दे, एवढाच माझा विचार. स्वप्नात मी हात पदरात गुंडाळले. पदरच लांब होऊन तिच्याखाली पसरला. हातांवर बसले. तर तिसरा हात आला. एकदा मी तिला समोर बसवून शांतपणे सांगितलं, "हे बघ गोटी, तू खरी नाहीस. खरी गोटी पलंगावर झोपलीय." तर तिने खालचा ओठ असा बाहेर काढला... आता त्या ओठापुढे कुणाचं ज्ञान टिकतं? उचलून घेतली. माहीत आहे हो. माहीत असून उचलली. खांद्यावर थोपटत फिरत बसले, जी मुलगी नाहीच आहे तिला निजवत, आणि इकडे जी आहे ती उठून रडायला लागली. दोन-दोन पोरी, आई एक.

आणि खरं सांगू? भीती वेगळीच आहे. ही मी काकूंना सांगितली होती. म्हटलं, काकू, जागेपणी लावलेली सवय स्वप्नात जाते असं तुम्हीच शिकवलंत. मग स्वप्नात सोडायची सवय लागली आणि ती जागेपणी आली तर? मी जिन्यावर असले, गोटी कडेवर असली, आणि हातांना वाटलं, हे स्वप्नच आहे, सोडा... तर? काकूंनी मिटलेले डोळे उघडले. घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मग म्हणाल्या, "श्वासाकडे लक्ष दे." मी त्या दिवशी मागच्या चटईवर जाऊन बसले.

तर परवा सुट्टीची दुपार. गोटी झोपली, डॉक्टरीणबाईंचं ऐकून मीही पडले. आणि ठरवून पडले, की आज शेवटचं. आज पडू द्यायची, जे काय व्हायचं ते होऊ दे, मला झोप हवी. लागली झोप. लॉन्ड्री. चादरींची गाडी, वर गोटी बसलेली, आणि गाडी हलली. मी बोटं मोजली. अकरा. बरं, स्वप्न. मी हात पाठीमागे घेतले, बोटांत बोटं अडकवली, अकराच्या अकरा. गोटी सुटली. पण सावकाश हो, पीस उतरावं तशी, आणि पडताना माझ्याकडे बघत होती, घाबरलेली नाही, रडत नाही, निवांत, म्हणजे आई आहे ना समोर, मग काय... मी हात आवळले. स्वतःला सांगितलं, कोण पडतंय, कोण झेलतंय. फरशी वीतभर राहिली. आणि गेले हो हात पुढे. दोन्ही हातांनी अशी घट्ट पकडली की जाग आली, आणि बघते तर माझ्या मुठींत सासूबाईंचं मनगट.

गोटी उठली होती म्हणून त्या तिला हळूच उचलून न्यायला आल्या होत्या. मला झोपू द्यावं म्हणून. ती त्यांच्या कडेवर होती आणि मी त्यांचा दुसरा हात पिरगळून बसलेली. मला वाटलं, आता येतंय "हं".

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. म्हणाल्या, "पडत होती का?"

मी म्हटलं, "कोण?"

"गोटी. स्वप्नात."

"आई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? हात बघितले की कळतं." आणि पलंगाच्या कडेवर बसल्या, गोटीला मांडीवर सरकवलं आणि दुसऱ्या हाताने खांदा चोळायला लागल्या. "माझे काय उगीच दुखतात का? मी अजून झेलते."

"गोटीला?"

"गोटीला तू आहेस. मी तुझ्या नवऱ्याला झेलते. पाळण्यात होता तेव्हापासून पडतोय मेला."

मी गुपचूप बोटं मोजली. दहा. म्हणजे हे खरंच चाललं होतं.

"पण स्वप्नात तो लहान असतो ना, आई?"

"छे. आहे एवढाच. ब्याऐंशी किलो."

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "आणि ते स्वप्न आहे, हे कळतं तुम्हाला?"

"न कळायला काय झालं? दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच कळलं होतं. पण कळून करायचं काय? हात पुढे होतातच ना."

चटई नाही, गजर नाही, बोटं नाहीत. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मला विचारायचं होतं, की आई, मग हे थांबतं कधी? पण त्यांच्या खांद्याकडे बघितलं आणि म्हटलं, कशाला विचारा.

त्या उठल्या, गोटीला कडेवर घेतलं आणि दार ओढून घेता घेता म्हणाल्या, "झोप अजून जरा. सध्या नऊच किलोची आहे ती, तोवर झोपून घे."

झोपले हो मी. लगेच लागली. आणि पडलीच ती, खिडकीतून. मी झेलली. ब्याऐंशीच्या मानाने हलकीच म्हणायची.