सातवी पासला कळेल असं

"हॅलो?… हॅलो, सरोजिनीताई?… मी पूर्णिमा, सदाशिव पेठेतून… हो हो, सर्व्हेवाली. ताई, मीटिंग सुरू झाली का?… अजून चहाच चाललाय? बरं झालं… नाही, म्हणजे… जरा बोलायचं होतं."

सकाळपासून पूर्णिमानं तीनदा रिसीव्हर उचलून परत ठेवला होता. लोकांच्या प्रबंधांची, पाहण्यांची आकडेमोड कॉम्प्युटरवर करून द्यायची हा तिचा धंदा. दारावर तशी ऐटीत पाटीही लावलेली. येरवड्यातला सरोजिनीताईंचा बायकांचा साक्षरता वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे आज तिच्याच अहवालावरून ठरणार होतं. आणि अहवाल साफ चुकला होता.

"ताई, तो निकाल… वर्गाला येणाऱ्या बायकांची मुलं महिन्याला सहा दिवस जास्त शाळा बुडवतात, असं आलं होतं ना… हो, घरची कमाई, शाळेचं अंतर, सगळं सारखं धरूनसुद्धा… तेच ते, रिग्रेशन. तर त्यात सॉफ्टवेअरला जरा व्हायरस… काय?… नाही हो ताई, सॉफ्टवेअरला ताप कसा येईल… बुधवार पेठेतून स्वस्तात आणलेली सीडी आहे ना, त्यामुळे…"

खोटं रेटायलाही अंगात धमक लागते. पूर्णिमाची एवढ्यावरच संपली.

"अहो, ऐका ना… सीडीचं काही नाही. चूक माझी आहे… सांगते. पोरानं किती दिवस शाळा बुडवली, यावर एखादी बाई 'माहीत नाही' म्हणाली, तर चौकटीत ९९ लिहायचं, असं ठरलं होतं… कुणी ठरवलं? मीच. ती नुसती खूण. तो आकडा नाही, हे कॉम्प्युटरला आधी सांगून ठेवावं लागतं. ते… राहिलं… हो, विसरले… तसं म्हणाल्या वर्गातल्या बारा बायका, आणि वर्गाबाहेरची एकच… का म्हणजे? बाहेरच्यांनी 'रोज जातो की' म्हणून ठोकून दिलं असणार. वर्गातल्या म्हणाल्या, आम्ही पहाटेच धुण्याभांड्याला बाहेर पडतो, पोर शाळेत पोचतं का नाही, देव जाणे. कांताबाईंनी फॉर्मच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंय तसं, बाराही ठिकाणी… नाही, तेव्हा नव्हतं वाचलं. काल वाचलं."

तिनं नवा प्रिंटआउट पुढ्यात ओढला.

"ते तेरा फॉर्म बाजूला काढले, तर उलटंच आलं, ताई. वर्गातल्या बायकांची मुलं दोन दिवस कमी बुडवतात."

फॉर्म भरून आणणाऱ्या कांताबाई याच वर्गात शिकून सातवी झालेल्या. गेल्या मीटिंगमध्ये त्या उभ्या राहून म्हणाल्या होत्या, 'हे आकडे चुकलेत. ही पोरं माझ्या बघण्यातली आहेत.' त्यावर पूर्णिमानं ऐकवलं होतं, 'सातवी पास माणसानं रिग्रेशनमध्ये बोलू नये.' चारजण हसले, तेव्हा तिला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं. आता ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

"ताई, एक विनंती होती… मीटिंगमध्ये तुम्हीच सांगाल का? तांत्रिक दुरुस्ती झाली, एवढंच. माझं नाव नको… पुढची कामं जातात हो… हॅलो?… ताई?… कोण?… कांताबाई?"

पूर्णिमा खुर्चीतून उठून उभी राहिली.

"हो… आहे मी, आहे… तुम्ही शेजारीच होतात?… काय दाबलंत? स्पीकर?… म्हणजे सगळे ऐकतायत?… नाही, राहू दे चालू. कांताबाई, तुमचं बरोबर होतं. चूक माझी… मोठ्यानं?… चूक माझी आहे! आणि त्या दिवशी मी जे बोलले ना तुम्हाला… ते… त्याची मला लाज वाटते… हो… कशी चुकले ते पण सांगू? अहो, ते जरा टेक्निकल… बरं. सातवी पासला कळेल असं."

तिनं बरेच शब्द मनात जुळवून पाहिले. एकाचीही गरज नव्हती.

"कांताबाई, महिना तीस दिवसांचा असतो. मी त्यात पोरांना नव्व्याण्णव दिवस गैरहजर धरलं."

तिनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो?… चालू राहणार वर्ग? नक्की?… सुटले बाई… काय म्हणालात?… पाचजणींनी यायचं सोडलं? कधीपासून?… नवऱ्यांनी?… 'तुमच्या शिकण्यापायी पोरं वाया चालली, कॉम्प्युटरनं सांगितलंय'… असं म्हणाले?"

ती परत खुर्चीत बसली. कुणाच्या तरी प्रबंधाचा कागद ओढून तिनं तो पालथा केला.

"नाही, तुम्ही नका जाऊ, कांताबाई. मी जाते… एकेकीच्या घरी. तो घरी असेल तेव्हाच… हो, त्याच्यासमोर, अस्संच सांगते… सांगा पत्ते. लिहून घेतेय… पहिलं घर कुणाचं?"