पऱ्हाटीची पानं

उभा जन्म कपाशीचा डीएनए तपासन्यात गेला, पन वावरात पाय टाकला की लोकायले मी धाड टाकाले आलेला साहेबच वाटतो.

दर्यापूरले रामभाऊ अन् नामदेवचं वावर धुऱ्याले धुरा लागून. अभ्यासासाठी पऱ्हाटीची पानं मांगितली, तं दोघंबी आपापल्या घरी तेच बोलले, "कावून पायजे? बरं, तुमी चहा घ्या, मीच आनून देतो."

अकोल्याले येऊन तपासलं, तं दोघायच्याबी पानांत बंदी असलेल्या चोरबीटी बियान्याचा जीन!

रामभाऊले फोन लावला.

"माही नोहेत साहेब, नामदेवच्या वावरातली तोडली होती. मले पयलेपासूनच डाऊट होता त्याच्यावर!"

मंग नामदेवले लावला.

"साहेब, ते तं रामभाऊच्या वावरातले पानं होते. मले डाऊट होताच!"

दोघायचाबी डाऊट खरा निघाला.