नारळांनी बळकावलेलं स्टूल

तुम्ही हसाल, पण मला अजून राग येतो. माझी पेडल स्टील गिटार मामाने जहाजावरच्या नोकरीतून येताना आणली. ती टेबलासारखी चार पायांवर उभी असते. हातांनी तारा छेडायच्या, पायांनी पेडल दाबायची आणि गुडघ्यांनी खालचे दांडे ढकलायचे, म्हणून नेमक्या उंचीची, हात नसलेली बैठक लागते. घरची खुर्ची, सुपारीचं पोतं, रंगाचा डबा, सगळ्यांवर बसून पाहिलं. शेवटी शेजारच्या शिलाईवाल्या मावशींचं स्टूल जमलं. शाळेच्या संमेलनासाठी त्यांनी ते दिलं आणि स्वतः डब्यावर बसून ब्लाउज शिवत राहिल्या.

सरांनी माझं नाव पुकारलं. स्टेजवर पाहते तर माझ्या स्टुलावर सत्काराच्या नारळांचं ताट!

"सर, ते माझं स्टूल आहे."

"अगं, मानाचे नारळ जमिनीवर ठेवायचे का? तू खुर्ची घे."

"खुर्ची बुटकी आहे, सर. तिच्या हातांना कोपरं अडकतात."

"एकच गाणं तर आहे!"

तेवढ्यात स्टुलाशेजारी बसलेले प्रमुख पाहुणे म्हणाले, "बाळ, खाली मांडी घालून वाजव की. आपली पद्धत तीच."

मग पेडल काय नाकाने दाबू? मी वर्गात हजेरीसुद्धा हळू देते. पण त्या दिवशी मी ताट उचललं आणि सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"काका, हे तुम्हालाच मिळणार आहेत. तोपर्यंत धरा."

गाणं संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी नाही. त्यांचे दोन्ही हात नारळ सांभाळत होते.