चौथी तारीख

लग्न नोंदणीच्या रांगेत एक काकू जुन्या दाखल्याची नक्कल घ्यायला उभ्या होत्या. मागे उभ्या असलेल्या जोडप्याचं हसू काही थांबेना.

“तीन तारखा तुझ्या प्लांटने खाल्ल्या,” तो म्हणाला.

“मी काय करू? खाऱ्या पाण्यातलं मीठ काढणारे पडदे गाळाने तुंबले, की धुवायला मलाच बोलावतात.”

“आणि आज?”

“आज नाही तुंबायचे. आता पडद्यांतून वीज सलग सोडतच नाही. क्षणभर चालू, क्षणभर बंद. बंद असताना चिकटू पाहणारा गाळ सैल होतो, पाणी त्याला घेऊन जातं. चाळीस दिवस झाले, एक पडदा धुतलेला नाही.”

“मग हे आधी का नाही केलंस?”

“तिसरी तारीख हुकल्यावर तू आठवडाभर बोलला नाहीस. तेव्हा कुठे वेळ मिळाला.”

“तुझा फोन वाजतोय.”

“प्लांटमधून आहे.”

“उचलू नकोस.”

“उचलते रे. हॅलो... हो... बरं, बरं.”

“काय झालं?”

“विचारतायत, लग्न लागलं का.”

काकू रांगेतून बाजूला झाल्या.

“तुम्ही व्हा पुढे. त्यांचा परत फोन यायच्या आत सह्या करून टाका.”