संध्याकाळचं गुड मॉर्निंग

सुरतेतल्या उधन्याच्या बसस्टॉपवर विमलताई बसची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारी एक बाई आणि तिची शाळेच्या गणवेशातली लेक मित्रा येऊन टेकल्या, आणि विमलताईंचे कान आपसूक तिकडे वळले.

“हळू बोल, मित्रा. लोकं ऐकताहेत.”

“ऐकायलाच तर पॉडकास्ट असतो, मम्मी! इंग्रजी सुधारावं म्हणून मॅडमनीच करायला लावलाय.”

“मग चिडल्या कशाला?”

“मी सुरुवातीला ‘जय भीम’ म्हटलं. म्हणाल्या, ते कापून ‘गुड मॉर्निंग’ टाक.”

“मग टाकायचं ना, बाई!”

“मी विचारलं, कोणी संध्याकाळी ऐकलं तर? गुड मॉर्निंग खोटं पडेल. जय भीम चोवीस तास चालतं.”

“तोंड आहे का काय तुझं! मग?”

“म्हणाल्या, मार्क कापेन. मी म्हटलं, मार्क कापा, जय भीम मी कापणार नाही.”

“बाकीचं इंग्रजी तरी बरोबर होतं का?”

“एक चूक काढता आली नाही त्यांना.”

विमलताईंची बस आली. त्यांनी ती जाऊ दिली.

“लाव बरं. मला ऐकव,” आई म्हणाली.

“थांब, इयरफोन देते.”

“इयरफोन कशाला? मोठ्यानं लाव!”