गंजी कशानं जळाली

या निरोपाच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय आप्पासाहेब, ज्यांना निरोप द्यायचा ते आपल्या पांजरपोळाचे चिटणीस विष्णुपंत मास्तर, नगराहून मुद्दाम आलेले हेमचंद्रशेठ, खुर्च्यांवर बसलेली कमिटी, आणि सतरंजीवर बसलेले माझे बंधू आणि आयाबाया, सगळ्यांना माझा नमस्कार.

छापील कागदावर माझ्या नावापुढे 'महिलांच्या वतीने दोन शब्द' असं घातलं आहे. दोन शब्दांत माझं भागणार नाही. शाळा मी दुसरीपर्यंत केली, तीही निम्मी शेण वेचण्यात गेली. गोड कसं बोलायचं ते पुढच्या इयत्तेत शिकवत असतील. ज्याला घाई असेल त्यानं आत्ताच चपला शोधाव्यात. चहा माझ्यानंतर आहे, एवढं ध्यानात असू द्या.

माझ्याआधी चार जण बोलले. चौघांनीही सांगितलं की लढाईच्या महागाईत मास्तरांनी पांजरपोळ तगवलं. एक जण तर म्हणाले की मास्तर म्हणजे या काळातले गोपाळकृष्ण. तेव्हा मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. बरं केलंत, मास्तर.

तगवलं म्हणजे काय हो? गेल्या आश्विनात आपल्या पांजरपोळात शेहेचाळीस जनावरं होती. आज फाल्गुनात सतरा आहेत. समारंभाच्या आधी पाहुण्यांना पांजरपोळ दाखवायला नेलं, तेव्हा ही सतरा जनावरं पुढच्याच गोठ्यात दाटीवाटीनं बांधली होती. मागचे दोन गोठे कुणी दाखवले नाहीत. तिथे आता चिमण्या राहतात.

मास्तरांचं चांगलं होतं ते आधी सांगते, म्हणजे मी द्वेषानं बोलते असं कुणी म्हणायला नको. लढाई लागली, कडबा महागला, निम्मा तर लष्कराच्या कॅम्पातल्या खेचरांकडे जायला लागला. ज्यांनी जन्मात पांजरपोळाची वाट तुडवली नव्हती ते बाजाराच्या दिवशी म्हातारे बैल घेऊन दारात उभे राहायला लागले. मास्तरांनी एकालाही परत लावलं नाही. जनावर सोडायचा आपला रिवाज त्यांनी नेमानं पाळला. मालकानं हातावर पाणी सोडायचं, दावं सोडून आपल्या घरी न्यायचं, आणि मागे वळून पाहायचं नाही. तिसगावच्या बाजूचा एक म्हातारा शेतकरी दावं हातात घेऊन फाटकापाशी रडत बसला होता. मास्तर त्याच्याशेजारी धुळीत बसले, धोतराची पर्वा केली नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. खोटं बोलणार नाही.

आणि आम्ही बायकांनी काय केलं? दर सोमवारी दर घरामागे एक पेंढी. ज्या घरात रेशनची ज्वारी आठ दिवस पुरत नव्हती त्या घरातूनसुद्धा पेंढी आली. डोक्यावर भारा घेऊन आम्ही वेशीपासून पांजरपोळापर्यंत जायचो तेव्हा पारावरचे पुरुष म्हणायचे, निघाली छबूबाईची पलटण. म्हणू देत. त्या पलटणीच्या पेंढ्यांवर दोन उन्हाळे निघाले. आप्पासाहेब, तुमच्या मळ्यात तेव्हा कडब्याच्या तीन गंजी उभ्या होत्या. तुमच्या घरूनही दर सोमवारी एकच पेंढी यायची. नियम म्हणजे नियम.

हसू नका. आता हसण्यासारखं पुढे काही नाही.

पांजरपोळाला स्वतःचं कुरण आहे. गवत कापायची आपली रीत सगळ्यांना ठाऊक आहे. घटस्थापनेला कुरणाला विळा लावायचा. कापलेलं गवत चार दिवस पसरून ऊन खाऊ द्यायचं. मुठीत चुरगाळलं की वाजलं पाहिजे. मग पेंढ्या, मग गंजी. गेल्या घटस्थापनेच्या आदल्या दिवशी हस्ताचा पाऊस चांगला दोन तास पडला. म्हणजे चाराचे आठ दिवस करायला हवे होते. पण मास्तरांनी पंचांग पाहिलं होतं. गंजीच्या पूजेला तृतीया धरली होती. त्यानंतर दसऱ्यापर्यंत मुहूर्त नव्हता, आणि दसऱ्याला हेमचंद्रशेठ पांजरपोळ पाहायला येणार होते.

आसाराम त्यांना म्हणाला. आसाराम म्हणजे आपला गुराखी, अकरा वर्षं पांजरपोळात होता, पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. तो म्हणाला, "मास्तर, गवत अजून वलं हाय. आत्ता रचलं तर तापंल."

मास्तरांनी उत्तर दिलं, "आसाराम, गवतानं मुहूर्त गाठायचा असतो, मुहूर्तानं गवतासाठी थांबायचं नसतं."

गंजी रचली. नारळ फोडला. पेढे वाटले, मीही खाल्ला. पुढे शेठजींना दसऱ्याला सवड झाली नाही, त्यांनी वसुबारसेला येतो असं कळवलं. गंजी तशीच उभी राहिली, हळदीकुंकू लावलेली.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी आसारामनं मला बोलावून नेलं. गंजीजवळ गूळ करपल्यासारखा वास येत होता. त्यानं लोखंडाची पहार गंजीत पोटापर्यंत खुपसली, जरा वेळ ठेवली, आणि ओढून माझ्यापुढे धरली. मी बोट लावलं आणि झटकलं. फोड आला. ज्या बायांनी कधी गंजी रचली आहे त्यांना मी काय सांगते ते कळलं असेल. ज्या पुरुषांनी रचली आहे त्यांनाही कळलं आहे, पण ते आत्ता छताकडे बघताहेत.

ती पहार घेऊन मी मास्तरांच्या घरी गेले. पोचेपर्यंत पहार निवली. मास्तरांनी तिला हात लावला आणि म्हणाले, "छबूबाई, गवताला ताप येत नाही. ही तर गार आहे." मी म्हटलं, माझं बोट बघा. ते म्हणाले, तूप लावा.

आसाराम दोनदा त्यांच्या पाया पडला. चार माणसं द्या, गंजी उकलतो, ऊन दाखवतो, दोन दिवसांत होती तशी रचून देतो म्हणाला. मास्तरांनी ऐकलं नाही. शेठजींना फुटकी गंजी काय दाखवायची? भरलेली गंजी दिसली म्हणजे संस्था चोख चालली आहे असं वाटेल, आणि उन्हाळ्यासाठी वीस गाड्या कडबा मिळेल. मास्तरांना तो कडबा जनावरांसाठीच हवा होता, स्वतःसाठी नव्हता. हेही मी सांगते. पण हेतू चांगला असला म्हणून ओलं गवत वाळत नाही.

वसुबारसेच्या दोन दिवस आधी, भर दुपारी गंजी पेटली. आसाराम तेव्हा सगळी जनावरं घेऊन हाळावर पाणी पाजत होता. मी फाटकात होते, डोक्यावर भारा होता. धूर कडेनं निघाला नाही, वरून निघाला नाही. मधून निघाला. बाहेरच्या पेंढ्या पिवळ्या होत्या आणि आत निखारा होता. चार बादल्या आणि वीस माणसं, काय विझणार? एका जत्रेला पुरेल एवढी राख झाली.

आता वसुबारसेची सकाळ. आप्पासाहेबांच्या बैठकीत कमिटी बसली. बायकांच्या वतीनं कमिटीत मी आहे, म्हणून मीही होते. शेठजी दहा वाजता यायचे होते. गंजी कशी जळाली म्हणून विचारलं तर काय सांगायचं? ओलं रचलं म्हणून सांगितलं तर संस्थेची अब्रू गेली. तेव्हा एक जण म्हणाले, गुराख्याच्या विडीनं जळाली म्हणू. त्यांचं नाव घेत नाही, ते खुर्चीवरच आहेत. सगळ्यांना ते पटलं. मऊ गादी दिसली की माणूस जसा लवंडतो तसे सगळे त्यावर लवंडले.

आसाराम विडी ओढत नाही. तो तंबाखू मळतो. अकरा वर्षं मळतो. या गावात असा एक माणूस नाही ज्यानं त्याच्या चंचीतली चिमूट मागून खाल्ली नाही. मास्तर, तुम्हीसुद्धा खाल्ली आहे.

ठराव लिहिला. आसारामला काढलं. कागद सह्यांना फिरत माझ्याकडे आला. मी म्हटलं, तो विडी ओढत नाही. तेव्हा मास्तर माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाले, "छबूबाई, एका माणसाची चाकरी की शेहेचाळीस जनावरांचा उन्हाळा? तुम्हीच सांगा."

मी सही केली. चारच अक्षरं येतात मला नीट, ती काढली. मला कुणी मारलं नाही, हात धरला नाही. मी केली. खुर्चीवर बसलेल्यांना मी बोलते आहे तर हेही बोललं पाहिजे.

आणि मिळालं काय? शेठजी, तुम्ही आलात, राख पाहिलीत, हळहळलात, गायीला कुंकू लावलंत आणि परत गेलात. कडब्याची एक गाडी आली नाही. तुम्हाला मी दोष देत नाही. जिथला गुराखी विडी पेटवून गंजीला टेकतो तिथे कोण कडबा देईल? गावानंही तेच म्हटलं. पुढच्या सोमवारी मी दारोदार गेले तर बाया म्हणाल्या, "आक्का, आमची पेंढी तुमच्या विडीला कशापायी?" पलटणीत मी एकटी उरले. माणसाची चाकरी देऊन जनावरांचा उन्हाळा विकत घ्यायला निघालो होतो. चाकरीही गेली आणि उन्हाळा लागायच्या आधी एकोणतीस जनावरं गेली. कुठे गेली म्हणून कुणी विचारत असेल तर कुरणाच्या पलीकडे चला, मी दाखवते. तिथली माती मी ओढली आहे.

आसाराम आता कोपरगावच्या बाजूला ऊस तोडतो. गुरं राखणारा माणूस, त्याचे हात पानांनी फाटले आहेत असं ऐकते. त्याची बायको कडूबाई इथेच आहे, मागे खांबाला टेकून बसली आहे. सुगी चालू आहे, खळी लागली आहेत, कुणालाही रोजगार मिळतो. तिला मिळत नाही. आप्पासाहेब, तुमच्याच खळ्यावरून तिला परत लावलं. तुमचा माणूस म्हणाला, आगलाव्याची बायको खळ्यात नको. तुम्ही तिथेच होता, हरभरे खात होता.

ती मला म्हणाली, "आक्का, चुलीला निखारा मागाय गेले तर बाया हसत्यात. म्हन्त्यात, तुझ्या घरात इस्तवाला काय कमी हाय व्हय?"

चार महिने हे चाललं आहे. चार महिने मी माझ्या चार अक्षरांचा विचार करते आहे.

म्हणून मास्तर, आज मी आले. उद्या सकाळी तुम्ही पुण्याला मुलाकडे चाललात, कायमचे. सामानाची गाडी भरून दारात उभी आहे, मी पाहून आले. तुम्ही गेलात की हा विषय संपला. मग इथे कोण कुणाला विचारणार? कमिटी म्हणेल, मास्तरांच्या वेळचं आहे, आम्हाला ठाऊक नाही. मला तुमचा अपमान करायचा नाही. मला एक वाक्य हवं आहे. गंजी ओली रचल्यामुळे जळाली, आसारामच्या हातून नाही. एवढंच. इथे, उभं राहून, सगळ्यांसमोर.

घंटा वाजवा आप्पासाहेब, वाजवा. मला ऐकू येते. गायीच्या गळ्यात बांधली असती तर जास्त शोभली असती.

काय म्हणता मास्तर? मोठ्यानं बोला, मागे बायका बसल्या आहेत. मास्तर म्हणतात, शेठजींच्या समोर ही वेळ नाही. मग कुणाच्या समोर वेळ आहे? शेठजींसाठीच तर गंजी रचली, शेठजींसाठीच ती उकलली नाही, आणि शेठजींसाठीच आसारामला विडी दिली. त्यांना हे कळल्यावर ते कडबा देतील की नाही मला माहीत नाही. कदाचित उठून नगरला जातील. सतरा जनावरं आहेत, चैत्र तोंडावर आहे, मला त्याची धास्ती नाही असं नाही. पण एकदा त्या धास्तीपायी सही केली आणि जनावरं काही वाचली नाहीत. दुसऱ्यांदा करणार नाही.

माझ्या हातात आहे तेवढं मी सांगून टाकते. माझी सही खोटी होती. हे कमिटीच्या वहीत लिहून घ्या, नाही लिहिलं तर या सगळ्यांनी ऐकलं आहे. उद्यापासून माझ्या खळ्यावर कडूबाई येईल. माझा सगळा कडबा तीच रचेल. ज्यांना भीती वाटते त्यांनी बांधावर उभं राहून बघत बसावं. आसारामला मी निरोप धाडला आहे की पांजरपोळात परत ये. कमिटीनं ठेवला नाही तर तो माझा गडी म्हणून येईल आणि सतरा जनावरं राखेल. मग कमिटीनं मला काढावं.

मला बोलायला बोलावलंत त्याबद्दल आभार. बोलावताना पस्तावाल असं वाटलं नसेल. शेठजी, एवढ्या लांबून आलात, तुमचेही आभार. जास्तकमी बोलले असेन तर पदर पसरून माफी मागते, माझ्या जिभेची. दुसऱ्या कुणाच्या वतीनं माफी मागायचा मला हक्क नाही, ती ज्याची त्यानं मागायची.

मास्तर, तुम्ही उठलात. बोलायला उठलात का जायला, ते तुमचं तुम्ही ठरवा, मी वाट अडवत नाही. कडूबाई, तू पुढे ये. इथे, माझ्या जागेवर बस. मास्तर हळू बोलतात.